गेरू, शेण आणि तांदूळ: जिव्या सोमा म्हसे यांच्या वाटेने वारली चित्र

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढायचे, वर ठिपका ठेवायचा, चार काड्या जोडायच्या की झाला वारली माणूस. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला असंच शिकवतात. तो माणूस उभा राहतो, पण चालत नाही. डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या पाड्यावर राहून जिव्या सोमा म्हसे जी चित्रं काढत, त्यांत नुसता उभा माणूस शोधून काढावा लागतो. कुणी रोप लावतंय, कुणी जाळं ओढतंय, कुणी ताडावर चढतंय, मुंग्यासुद्धा कामात आहेत. हा फरक नुसत्या सरावाने येत नाही. पृष्ठभाग किती शोषतो, पांढरा किती दाट आहे, काडीचं टोक कसं कुटलंय, यावर निम्मं काम ठरतं. म्हणून इथे आधी साहित्य, मग माणूस.

त्याआधी म्हसे थोडक्यात, कारण पुढची बरीच कृती त्यांच्या आयुष्याला चिकटलेली आहे. जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. आई लहानपणीच गेली आणि त्या धक्क्याने मुलाचं बोलणं थांबलं. सांगायचं असेल ते तो धुळीत रेघा ओढून सांगे. त्या काळी वारली घरात भिंतीवर चित्र निघे ते मुख्यतः लग्नाला, आणि काढत त्या सवाशिणी. पुरुषाने हातात काडी घेणं, तेही घरात लग्न नसताना, रोज, मनात येईल ते काढायला, ही नवी गोष्ट होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकलेच्या सरकारी कामानिमित्त भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. १९७५मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं, १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरने भरवलेल्या, जगभरच्या कलाकारांच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २००२मध्ये शिल्पगुरू पुरस्कार, २००३मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्या जोडीने प्रदर्शन, २००९मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री. मे २०१८मध्ये ते गेले. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलंही चित्रकार. आडनाव मराठीत ‘म्हसे’ आणि ‘मशे’ असं दोन्ही प्रकारे छापलेलं सापडतं, तेव्हा चित्रं शोधताना दोन्ही टाकून पाहा. एकच टाकलंत तर बरंच हातचं जाईल.

कापड

बाजारातला तयार कॅनव्हास नको. त्यावरचा पांढरा लेप पाणी शोषत नाही, शेण आणि गेरू त्यावर पापुद्र्यासारखे बसतात आणि गुंडाळलं की सुटतात. घट्ट विणीचं, न रंगवलेलं मांजरपाट घ्या. पहिल्या चित्राला २ फूट बाय ३ फूट पुरे, पण कापताना चारी बाजूंनी ३ इंच जास्त ठेवा.

कापड कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी साबण न लावता दोन पाण्यांतून चोळून काढा. हे धुणं स्वच्छतेसाठी नाही, खळ काढण्यासाठी आहे. खळ राहिली की लेप डागाडागांनी बसतो. शिवाय न धुतलेलं मांजरपाट पहिल्या ओल्या लेपाबरोबर आटतं आणि ताणलेल्या कापडावर तिरप्या सुरकुत्या पडतात. त्या पुढे इस्त्रीनेही जात नाहीत. वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत आत गेला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा भिजत घाला.

कापड किंचित ओलसर असतानाच प्लायवूडवर ताणून ड्रॉइंग पिना मारा, दर २ इंचांवर एक. आधी चारी बाजूंच्या मध्यावर, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मधे फुगवटा राहतो. प्लायवूड आणि कापड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद घालायला विसरू नका, नाहीतर लेप आरपार झिरपून कापड फळीला चिकटतं आणि काढताना फाटतं.

आता लेप. म्हसे यांच्या कापडांवर दोन जमिनी दिसतात, गेरूची लाल आणि शेणाची खाकी.

शेणासाठी: गाईचं ताजं शेण २५० ग्रॅम, पाणी ४०० मिली. हाताने चांगलं कालवा आणि जाड फडक्यातून पिळून गाळा. गवताच्या काड्या फडक्यात राहिल्या पाहिजेत; एक जरी कापडावर आली तरी पुढे नेमकी तिथेच रेघ अडखळते. गाळलेल्या पाण्यात फेविकॉल २ मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, घालून ढवळा. रुंद ब्रशने पहिला हात आडवा द्या, सावलीत ४-५ तास वाळू द्या, मग दुसरा हात उभा. एवढ्या कापडाला निम्म्याहून कमी मिश्रण लागतं. उरलेलं त्याच दिवशी दुसऱ्या कापडावर वापरा, रात्रभर ठेवलं की आंबतं. ओलं असताना रंग गडद हिरवट दिसतो म्हणून घाबरून पाणी वाढवू नका, वाळल्यावर तो बराच उतरतो. वास दोन दिवसांत जातो. पावसाळ्यात हा लेप करायचाच असेल तर पंख्याखाली वाळवा. ओलसर राहिलेल्या शेणावर चार दिवसांत पांढरी बुरशी येते आणि ती चित्राच्या पांढऱ्यात मिसळून जाते.

गेरूसाठी: गेरू ५० ग्रॅम, पाणी १०० मिली, फेविकॉल १ मोठा चमचा. गेरू आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी ढवळा, दहा आकडे मोजा आणि वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी खर राहते, ती टाकून द्या. फेविकॉल सगळ्यात शेवटी. हात तसेच दोन, आडवा आणि उभा.

वाळलेल्या गेरूवर पांढरं फडकं हलक्या हाताने फिरवून पाहा. फडकं लाल झालं तर डिंक कमी पडला. पाव कप पाण्यात एक छोटा चमचा फेविकॉल घालून त्याचा पातळ हात वरून द्या. उलट, उजेडात तिरपं धरल्यावर कापड चकाकत असेल तर डिंक जास्त झालाय, आणि ही चूक जास्त वाईट, कारण चकाकत्या जमिनीवर पांढरा रंग थेंब होऊन मागे सरकतो, रेघ जागोजाग तुटते. त्यावर कमी डिंकाच्या गेरूचा तिसरा पातळ हात द्यावा लागतो.

पहिल्यांदा करणाऱ्याने गेरू घ्यावा. लाल जमिनीवर चूक लगेच दिसते. शेणाच्या जमिनीवर पांढरा मऊ पडतो आणि लहान चुका पोटात घेतो. ती सवलत पहिल्या चित्राला नको.

पांढरा

परंपरेने पांढरा म्हणजे तांदळाचं पीठ आणि पाणी. ५० ग्रॅम जुना तांदूळ ६ ते ८ तास भिजवा, पाट्यावर किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात गंधासारखा वाटा, मलमलीतून गाळा आणि तासभर झाकून ठेवा. वरचं नितळ पाणी काढून टाका. खाली सायीच्या दुधाएवढं दाट उरतं ते वापरायचं. ५ ग्रॅम बाभळीचा डिंक २० मिली गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला.

तांदळाचा रंग फसवतो. ओला असताना रेघ जवळजवळ दिसत नाही, पाच-सात मिनिटांत वाळली की एकदम उजळते. नवखा माणूस दिसत नाही म्हणून तीच रेघ पुन्हा गिरवतो, आणि वाळल्यावर ती बाकीच्यांपेक्षा दुप्पट जाड आणि खरबरीत निघते. एकदा ओढलेली रेघ वाळेपर्यंत सोडून द्यायची. हा रंग त्या दिवसापुरताच. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबट वास येतो आणि रंगाची ताकद जाते.

भिंतीवर तांदूळ चालतो, कारण ती भिंत पुढे सारवली जाणार आणि तिच्याबरोबर चित्रही जाणार, हे ठरलेलंच असतं. कापड वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर तांदूळ अडचणीचा. कसर लागते, घडीवर पापुद्रे सुटतात. म्हसे यांच्या नंतरच्या मोठ्या कामांत शेणाच्या जमिनीवर पांढरा अ‍ॅक्रिलिक आहे, तेव्हा तांदूळच खरा आणि बाकी भेसळ हा हट्ट धरायचं कारण नाही. अ‍ॅक्रिलिक ३ भाग आणि पाणी १ भाग पुरे. पोस्टर कलर असेल तर ४ छोटे चमचे रंग, १ छोटा चमचा फेविकॉल आणि लागेल तसं पाणी. नुसता पोस्टर कलर दमट हवेत बोटाला लागतो.

दाटपणाची एकच परीक्षा: काडी एकदा बुडवून रेघ ओढा. ८ ते १० सेंटिमीटर सलग गेली पाहिजे. त्याआधीच तुटली तर रंग घट्ट आहे. रेघेच्या कडा केसाळ झाल्या तर पातळ आहे. पंख्याखाली बसलात तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहा, वाटीतला रंग तेवढ्यात घट्ट होतो.

काडी

बांबूची ओली कामटी घ्या, १५ सेंटिमीटर लांब, आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड. एका टोकाचा १ सेंटिमीटर भाग रात्रभर पाण्यात ठेवा. मग दगडावर हलक्या हाताने कुटा किंवा दातांनी चावा. चावणं जुनी रीत आहे आणि खरं तर तीच बरी, कारण दाताला तंतू कळतात, दगडाला कळत नाहीत. तंतू सुटे झाले की बाजूचे कापून मधले चार-पाच ठेवा. ही काडी रेघांची. दुसरी काडी न कुटता नुसती टोकदार तासा, ती ठिपक्यांची. दोन-तीन तास काम केल्यावर तंतू फुलतात आणि रेघ जाड होऊ लागते, म्हणून एका बैठकीला तीन-चार काड्या आधीच करून ठेवाव्यात.

शून्य नंबरचा ब्रशही चालतो. मात्र ब्रशची रेघ सुरुवातीला बारीक, मधे जाड आणि शेवटी बारीक होते, काडीची रेघ एकसारखी, किंचित थरथरती राहते. तो थरथराट चित्राला हवा असतो.

आधी राखेत

ताटात चाळलेल्या राखेचा अर्ध्या सेंटिमीटरचा थर पसरा आणि काडीने काढायला लागा. ताट हलवलं की पाटी कोरी. धुळीत काढणाऱ्या पोराला खोडायची भीती नव्हती, आणि खोडायची भीती नसणं हाच या सरावाचा फायदा आहे. कागदावर पेन्सिलीने सराव केला की हात जपून चालतो आणि पुढे कापडावरही जपूनच चालतो. रोज वीस मिनिटं, आठवडाभर. फक्त माणसं काढा. झाडं, घरं नकोत.

माणूस

साधारण ५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी माप असं: डोकं ५ मिमी, मान २, वरचा त्रिकोण १२, खालचा १०, पाय २०. वरच्या त्रिकोणाची रुंदी साधारण १४, खालच्याची ११-१२. दोन्ही त्रिकोण सारखे केले की डमरू दिसतो, माणूस दिसत नाही. पाय लांब हवेत. स्टिकरवरची वारली माणसं बुटकी दिसतात त्याचं कारण पाय आखूड, एवढंच.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कमरेचा बिंदू ठेवा, जिथे दोन टोकं भेटणार तो. मग खांद्याची रेघ, मग कुल्ल्यांची. या दोन रेघा एकमेकींना समांतर असतील तर माणूस उभा. चालणारा हवा असेल तर खांद्याची रेघ एका बाजूला १५-२० अंश कलवा आणि कुल्ल्यांची उलट बाजूला. धावणाऱ्याचा अख्खा वरचा त्रिकोण कमरेच्या बिंदूभोवती पुढे झुकतो, ओझं वाहणाऱ्याचा त्याहून जास्त. भाताची लावणी करणाऱ्याचा तर जवळजवळ आडवा होतो. बिंदू मात्र जागचा हलत नाही. सगळी हालचाल त्या एका सांध्यातून निघते, आणि हे एकदा हाताला समजलं की बाकीचं फार सोपं आहे.

त्रिकोण भरताना खांद्याकडून खाली या आणि टोकाच्या १ मिमी आधी थांबा. ओला रंग आपोआप टोकाकडे ओघळतो. टोकापर्यंत भरलंत तर दोन्ही त्रिकोणांचा रंग एकत्र येऊन कमरेला गोळा होतो आणि माणसाचा सांधा धरल्यासारखा ताठ होतो. राहिलेला १ मिमी वाळत आलेल्या काडीने शेवटी ओढून घ्या.

हात-पाय म्हणजे सरळ काड्या नाहीत. कोपर आणि गुडघा दोन्ही वाकतात, वाकतील त्या जागी काडी न उचलता दिशा बदला. बाईच्या डोक्यामागे अंबाड्याचा लहान ठिपका. चेहरा काढायचा नाही, डोळे तर नाहीच. कोण रागावलंय, कोण थकलंय, ते खांद्याच्या रेघेवरून कळलं पाहिजे.

कापडावर आखणीसाठी पेन्सिल वापरू नका. शिसं गेरूवर चमकतं आणि पांढऱ्या रंगाखालून करडं दिसतं; खोडरबर लावलात तर गेरूच उखडतो. चुलीतल्या कोळशाच्या टोकाने नुसत्या खुणा करा, नंतर कोरड्या फडक्याने झटकता येतात. आखणीही थोडीच: मोठं झाड कुठे, नदी कुठून, माणसांच्या रांगा कुठल्या बाजूला. एकेक माणूस आखून घेतलात की रंगवताना तुम्ही स्वतःचीच नक्कल करता.

क्षितिजाची रेघ या चित्रात नसते. लांबचं वर, जवळचं खाली, आणि महत्त्वाचं असेल ते मोठं. आधी सगळ्यात मोठी गोष्ट रंगवा, मग वाटा आणि पाणी, मग माणसं, मग जनावरं-पाखरं. पानं आणि ठिपके शेवटी. पानांपासून सुरुवात करणाऱ्याचं झाड छान होतं, पण माणसांना जागा उरत नाही.

तारपा

तारप्याचा नाच सगळेच काढतात आणि सगळ्यांत जास्त चुकतो तोही हाच. तारपा म्हणजे वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांचं वाद्य. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती. ही रांग बंद वर्तुळ नाही. तिला पुढचं टोक आहे, शेपूट आहे, ती गुंडाळत जाते. थाळी ठेवून गोल आखला की नाच तिथेच थांबतो.

कोळशाने मधल्या वाजवणाऱ्याभोवती दोन वेढ्यांची वळत जाणारी रेघ ओढा. आतला वेढा मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर, बाहेरचा १० सेंटिमीटरवर, बाहेरचं टोक सुटं. नाचणारे ३.५ सेंटिमीटर उंच घ्या. त्याहून मोठे घेतलेत तर आतल्यांची डोकी बाहेरच्यांच्या पायांत जातात. पाय रेघेवर आणि डोकी बाहेर ठेवायची असतील तर एक हिशोब आधी करावा लागतो, कारण पायाशी सारखं अंतर ठेवलं तरी डोक्यांशी ते पसरतं, आणि आतल्या वेढ्यात जास्त पसरतं. दोन्हीकडे पायाशी २ सेंटिमीटर ठेवलंत तर डोक्यांमधलं अंतर बाहेर पावणेतीन आणि आत साडेतीन सेंटिमीटर होतं, आतली रांग विरळ दिसते आणि हात ओढून ताणावे लागतात. म्हणून आतल्या वेढ्यात पायाशी दीड, बाहेरच्यात दोन. मग दोन्हीकडे डोकी साधारण अडीच-पावणेतीनवर येतात. आत वीसएक माणसं मावतात, बाहेर तीसएक.

पण मोजपट्टी लावून बसू नका. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या माणसाची जागा कोळशाने ठेवा, मधली अंदाजाने भरा. थोडं पुढे-मागे झालं तरच रांग जिवंत दिसते. प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या पाठीमागून जातो, तेव्हा आधी सगळ्यांची धडं, मग सगळ्यांचे पाय, आणि हात अगदी शेवटी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका लयीत.

जाळं

म्हसे यांच्या चित्रांत सगळ्यात ओळखीचं काही असेल तर कापडभर पसरलेलं मासेमारीचं जाळं. जवळून पाहिलं की लक्षात येतं, त्यांच्या रेघा सलग नसतात. बारीक तुकडे, ठिपके, पुन्हा तुकडे. म्हणूनच ते जाळं पाण्यात हलल्यासारखं वाटतं.

४० सेंटिमीटर रुंद जाळं घ्या. आधी त्याची बाहेरची कड कोळशाने. मग मासे, तेही फक्त कोळशाने, कारण जाळं आधी रंगवलं आणि मासे नंतर, तर पांढऱ्यावर पांढरं येऊन मासा हरवतो. माशाच्या कडेबाहेर २ मिमी जागा कोरी सोडायची, जाळ्याची रेघ तिथे थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. मग एका बाजूने तिरप्या कमानी, दीड सेंटिमीटर अंतराने, म्हणजे सुमारे २६. त्यावर उलट्या बाजूने तेवढ्याच. प्रत्येक कमान ३-४ मिमीच्या तुकड्यांची. दोन कमानी छेदतात तिथे टोकदार काडीने एक गाठीचा ठिपका.

बिघडतं ते साधारण पंधराव्या कमानीनंतर. हात दमतो, अंतर नकळत कमी होतं, जाळं एका बाजूला आवळत जातं. दर पाच कमानींनंतर थांबा आणि चार पावलं मागे जाऊन पाहा. आणि ओल्या रेघेवर मनगट टेकू नये म्हणून कापडाच्या दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवून त्यांवर आडवी पट्टी टाका, हात पट्टीवर.

भिंतीवर काढायचं असेल तर

कुडाची भिंत, म्हणजे कारवीच्या काड्यांवर शेणमातीचा लेप, ही या चित्राची मूळ जागा. सिमेंटच्या भिंतीवर ऑइलपेंट असेल तर गेरू बसणार नाही, रंग घासून काढावा लागेल. डिस्टेंपरवर बसतो. ४ फूट बाय ४ फुटांना गेरू २५० ग्रॅम, पाणी ५०० मिली, फेविकॉल ७५ मिली. ओल येणाऱ्या भिंतीच्या नादी लागू नका.

चौक

लग्नचौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायची चौकट, हा वेगळा विषय आहे आणि तो नक्षी म्हणून हाताळू नये. चौकटीच्या आत पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. सवाशिणी तो काढतात; धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत लग्न लावते. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. पायपुसण्यावर, बशीवर, मोबाइलच्या कव्हरवर पालघट छापलेली दिसते ती अज्ञानातून, पण ज्याला आता माहीत झालंय त्याने तरी टाळावं. शिकण्यासाठी चौकाच्या कडेची साखळी जरूर गिरवा, हाताला शिस्त लागते. मधली जागा मोकळी सोडा किंवा तिथे झाड काढा. शेती, शिकार, बाजार, नाच, पाऊस, म्हसे यांनी चौकाबाहेरचं हे सगळं जग कापडावर आणलं, आणि शिकणाऱ्याला ते जन्मभर पुरेल एवढं आहे.

तुमच्या गावात जे हलतं ते काढा हा त्याचाच पुढचा भाग. लोकल, एसटीचा थांबा, नळावरची रांग. म्हसे यांचं नाव घेऊन त्यांचंच जाळं पुन्हा काढण्यापेक्षा हे बरं. मात्र नियम तोच, कमरेच्या बिंदूपासून सुरुवात आणि खांद्याची रेघ आधी.

खाली काय लिहायचं

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. वारली समाजाबाहेरच्या माणसाने आपलं काम विकायला ठेवताना ‘वारली शैलीतलं’ असं लिहावं, ‘वारली चित्र’ असं नाही. एखाद्या चित्रकाराचं काम समोर ठेवून केलं असेल तर त्याचं नाव कापडाच्या मागे लिहा: कुणाच्या कोणत्या चित्रावरून, कोणत्या वर्षी. मूळ चित्र घ्यायचं असेल तर डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या भागांत चित्रकार घरीच काम करतात. घेताना जमीन शेणाची की गेरूची आणि पांढरा कोणता, एवढं विचारून कापडामागे टिपून ठेवा. पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तर हीच माहिती लागते.

जपणूक

चित्र पुरतं वाळायला दोन दिवस द्या, मगच पिना काढा, कोपऱ्यांकडून मध्याकडे. घडी कधीच घालू नका. ४ इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेली मलमल गुंडाळा आणि त्यावर कापड गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर वळताना रंग दाबला जाऊन उलगडताना तडकतो. बाहेर असली तर नुसता ताणला जातो आणि उघडल्यावर मूळ जागी येतो. वरून पुन्हा मलमल, प्लॅस्टिक नाही. तांदळाचा रंग असेल तर मलमलीच्या बाहेरून कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांची पुरचुंडी बांधा आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उलगडून सावलीत हवा द्या.